१९७३ची कॅरेरा आरएस आणि आजची जीटी३ : पन्नास वर्षांत नेमकं काय वाढलं?

घाटरस्ता (धागाकर्ता)

आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त आजोबा राहतात. त्यांच्याकडे १९७३ सालची पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ आहे. पांढरी, आणि दारांच्या खालच्या अंगाला निळ्या अक्षरांत 'कॅरेरा' लिहिलेलं. त्यांनी घेतली तेव्हा ती नुसती एक जुनी गाडी होती, आज त्या पैशांत इथे घर येईल. मी गेली नऊ वर्षं श्टुटगार्टजवळ राहतोय. रविवारी सकाळी ती सुरू झाली की हातातलं काम टाकून खिडकीशी जातो.

गेल्या उन्हाळ्यात आजोबांनी मला शेजारी बसवून बाडेन-बाडेन ते फ्रॉइडनश्टाट हा श्वार्त्सवाल्डच्या माथ्यावरून जाणारा रस्ता फिरवून आणला. महिन्याभराने मी एक दिवसासाठी जीटी३, म्हणजे याच ९११ची आजची, शर्यतीकडे झुकलेली आवृत्ती, भाड्याने घेतली (९९२ पिढीची, सहा गिअरची मॅन्युअल) आणि तोच रस्ता स्वतः चालवला. तेव्हापासून जे डोक्यात घोळतंय ते इथे मांडतो.

आधी जुनीबद्दल. दार लावलं की वाड्याच्या दाराची कडी बसावी तसा 'खट्ट' आवाज येतो. पेडल वरून लोंबत नाहीत, फरशीतून वर येतात. समोरची काच अगदी जवळ आणि बरीच उभी. दोन्ही बाजूंचे फुगीर मडगार्ड आतून दिसतात, त्यामुळे पुढचं चाक रस्त्याच्या कडेपासून किती बोटं लांब आहे ते डोळ्यांनी कळतं. समोर पाच डायल. मधली आणि सगळ्यांत मोठी आरपीएमची, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं त्याची, वेगाची तिच्या बाजूला. गाडी बनवणाऱ्यांना चालकाने कशाकडे बघावंसं वाटत होतं ते तिथेच समजतं.

आता आकडे. आरएसचं इंजिन २६८७ सीसी, सहा सिलिंडर, ६३०० आरपीएमला २१० पीएस (म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर). हलक्या 'स्पोर्ट' आवृत्तीचं वजन ९६० किलो, शून्य ते शंभर ५.८ सेकंद, कमाल वेग ताशी २४५ किलोमीटर. जीटी३चं इंजिन ३९९६ सीसी, तेही सहाच सिलिंडरचं, टर्बो नाही, ८४००ला ५१० पीएस आणि काटा ९००० पर्यंत जातो. वजन १४१८ किलो, मॅन्युअलला शून्य ते शंभर ३.९ सेकंद, कमाल वेग ३२०.

ताकद जवळजवळ अडीचपट झाली, वजन जवळजवळ दीडपट. टनामागे २१९ पीएस होते ते ३६० झाले. आणि एवढं करून शून्य ते शंभरमध्ये वाचले १.९ सेकंद. अठ्ठेचाळीस वर्षांत १.९ सेकंद!

इंजिनाची प्रगती कमी आहे असं मला म्हणायचं नाही. टर्बोशिवाय ९००० आरपीएम आणि वर प्रदूषणाचे आजचे नियम पाळणं ही फार मोठी गोष्ट आहे. पण दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर पाहिल्यावर माझं ठाम मत झालंय की खरी झेप टायर, ब्रेक आणि हवा या तीन ठिकाणी आहे, आणि गाड्यांच्या गप्पांत आपण या तिघांबद्दल सगळ्यांत कमी बोलतो.

ब्रेकचं एक उदाहरण. आरएसचं चाक १५ इंची, म्हणजे ३८१ मिलिमीटरचं. जीटी३च्या पुढच्या ब्रेकची नुसती डिस्क ४०८ मिलिमीटरची आहे. जुन्या गाडीच्या अख्ख्या रिममध्ये नव्या गाडीची ब्रेक डिस्क मावणार नाही. शिवाय आरएसच्या ब्रेकला पायाचा जोर वाढवणारा सर्वो नाही, चाक जाम होऊ न देणारं एबीएस नाही. आजोबा वळणाच्या आधी पेडल दाबतात तेव्हा त्यांची मांडी ताठ होते ते शेजारून दिसतं.

हवेचं उदाहरण याहून भारी आहे. आरएसच्या मागच्या झाकणावर जी वर वळलेली 'बदकाची शेपटी' आहे, ती वेगात मागचा भाग हलका पडू नये म्हणून बसवलेली. म्हणजे गाडी वर उचलली जाण्याचं प्रमाण तिने कमी केलं, बस. आजच्या ९९२ जीटी३ आरएसवर (जीटी३चीच आणखी शर्यतीकडे झुकलेली बहीण) ताशी २८५ किलोमीटरला हवा ८६० किलोचा दाब खाली देते. ९६० किलोची ती जुनी गाडी आठवा. नव्या गाडीच्या पाठीवर जवळपास एक जुनी गाडी बसवल्याइतका तो भार आहे, आणि तरी गाडीचं स्वतःचं वजन त्याने वाढत नाही.

आता शर्यतीशी असलेलं नातं. १९७२ पासून जागतिक स्पर्धेत तीन लिटरची मर्यादा आली आणि पोर्शेची ९१७ ही शर्यतीची गाडी बाहेर पडली. मग ९११ला शर्यतीत उतरवायचं ठरलं. शर्यतीच्या ग्रुप ४ या वर्गाच्या नियमाप्रमाणे रस्त्यावर चालणाऱ्या ५०० गाड्या बनवून विकणं भाग होतं. विक्री विभागाला एवढ्या खपतील याची खात्री नव्हती. ऑक्टोबर १९७२च्या पॅरिस प्रदर्शनात गाडी मांडली आणि नोव्हेंबर संपेपर्यंत ५०० संपल्या. शेवटी १५८० बनल्या. हजाराचा आकडा ओलांडल्यावर ग्रुप ३ची मान्यताही मिळाली. तिच्यावरून केलेल्या आरएसआर या शर्यतीच्या गाडीने १९७३ची डेटोनाची २४ तासांची शर्यत जिंकली आणि त्याच वर्षीची तार्गा फ्लोरिओ ही सिसिलीतली शर्यतही.

वजन उतरवण्यासाठी काय केलं तेही सांगतो. पत्रा पातळ, काचा पातळ. स्पोर्ट आवृत्तीतून मागची सीट, घड्याळ, शेजारच्याचा सनव्हायझर आणि हात टेकायची जागा काढून टाकली. दार आतून उघडायला एक पट्टा. बॉनेटवरचं मीनाकामाचं चिन्हसुद्धा काढून तिथे स्टिकर लावला.

तुम्हाला काय वाटतं? चालवण्याचा, दुरुस्तीचा, टायर-ब्रेकचा ज्यांना अनुभव आहे त्यांनी जरूर लिहा. पोर्शेच हवी असं नाही.

---

सह्यकडा

जबरदस्त धागा. डिस्क आणि रिमची तुलना वाचून उठलो आणि आमच्या गाडीचं चाक मोजून आलो. वाचतोय.

---

रबरमाणूस

घाटरस्ता, तुम्ही टायरला पहिलं स्थान दिलंत याचा मनापासून आनंद झाला. माझी वीस वर्षं टायरच्या चाचण्यांत गेली, आधी पुण्यात आणि आता बाहेर. जरा सविस्तर लिहितो.

आरएसला पुढे १८५/७० आणि मागे २१५/६० मापाचे टायर होते, दोन्ही १५ इंची (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते). मागे जास्त रुंद रिम आणि टायर घेऊन कारखान्यातून निघालेली ती पहिली ९११. जीटी३ला पुढे २५५/३५ वीस इंची, मागे ३१५/३० एकवीस इंची. मागे रुंदीच १०० मिलिमीटरने वाढली.

पण रुंदीपेक्षा महत्त्वाची आहे टायरची भिंत. गुणाकार करून बघा. १८५च्या ७० टक्के म्हणजे साधारण १३० मिलिमीटर. आरएसला पुढेमागे दोन्हीकडे भिंतीची उंची तेवढीच पडते. जीटी३ला ती ९० ते ९५ आहे. उंच भिंत वळणावर आधी कलते, मग रबर ताणलं जातं, मग हळूहळू घसरायला लागतं. या प्रत्येक पायरीची खबर स्टीअरिंगमधून हाताला मिळते. टायर 'सांगून' सुटतो. बुटकी भिंत हुकूम लगेच पाळते, पकड खूप वरपर्यंत टिकवते, आणि सुटते तेव्हा फारशी सवड देत नाही.

तिसरी गोष्ट रबराचं मिश्रण. नव्वदच्या दशकात रस्त्यावरच्या टायरमध्ये कार्बन ब्लॅकच्या, म्हणजे काजळीच्या, जोडीला सिलिका आली आणि ओल्या रस्त्यावरची पकड बदलून गेली. १९७३च्या टायरला हे माहीतच नव्हतं. म्हणून जुन्या-नव्या गाड्यांच्या वेळा शेजारी मांडताना मी नेहमी विचारतो, टायर कोणत्या सालचा? नव्या टायरवर पळवलेल्या जुन्या गाडीची वेळ ही अर्धी आजचीच वेळ असते.

एक सावधगिरी जीटी३ भाड्याने घेणाऱ्यांसाठी. तिच्यावर अनेकदा ट्रॅकच्या जातीचे टायर असतात. ते गरम झाल्याशिवाय नीट धरत नाहीत. थंडीत सकाळी, पावसात, पहिली काही मिनिटं अत्यंत जपून चालवा.

---

सावकाश

धागा आवडला, पण एका ठिकाणी स्पष्ट विरोध नोंदवतो.

मी इंग्लंडमध्ये असताना सत्तरच्या दशकातली एक ९११ सात वर्षं सांभाळली. आरएस नव्हे, साधी. एका नोव्हेंबरात, रिमझिम पावसात, मोठ्या रस्त्यावरून उतरणाऱ्या वळणावर मला वेग जास्त वाटला आणि मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. एवढंच केलं. गाडी स्वतःभोवती पूर्ण फिरली आणि कठड्याला मागून लागली. मागच्या सीटवर मुलीची शाळेची बॅग होती. मुलगी नव्हती. त्या बॅगेकडे बघत मी किती वेळ बसलो होतो ते मला आजही सांगता येणार नाही.

कारण साधं आहे. इंजिन मागच्या आसाच्याही मागे. पाय काढला की वजन पुढे सरकतं, मागचे टायर हलके होतात, आणि मागे लटकलेलं ते जड इंजिन लंबकासारखं बाहेर झेपावतं. अशा वेळी पाय काढायचा नसतो, हे पुस्तकात वाचलेलं मला माहीत होतं. पायाला माहीत नव्हतं.

म्हणून म्हणतो, 'कामगिरी'त फक्त वेग धरू नका. चालकाची चूक पोटात घालण्याची क्षमता हीसुद्धा कामगिरी आहे. ९११ला एबीएस मिळालं १९८९ साली आलेल्या ९६४ पिढीत. एअरबॅग, घसरण सावरणारी यंत्रणा, चिरडला जाऊन माणसाला वाचवणारा सांगाडा, हे सगळं त्या वाढलेल्या ४५८ किलोंमध्ये आहे. ते किलो मला मुळीच जड वाटत नाहीत.

---

घाटरस्ता

सावकाशदादा, हे लिहायला सोपं गेलं नसेल. आभार. तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, आणि '१.९ सेकंद' लिहिताना वजन कशामुळे वाढलं ते मी लिहायला हवं होतं.

लंबकाच्या बाबतीत एक भर घालतो. त्याच मागच्या इंजिनाची गाडी आज न्युर्बुर्गरिंग या जर्मन शर्यतमार्गाच्या २०.८३२ किलोमीटरच्या फेरीला सात मिनिटांच्या आत येते. २०२१ साली आलेल्या जीटी३ची कारखान्याने नोंदवलेली वेळ ६ मिनिटं ५९.९२७ सेकंद. मांडणी तीच ठेवून तिचा दोष इतका काबूत आणलाय. पुढे रस्त्यावरच्या ९११ला पहिल्यांदाच दुहेरी विशबोन (चाकाला वर आणि खाली अशा दोन दांड्यांनी धरणारं) सस्पेन्शन दिलं आणि मागची चाकंही थोडी वळतात. मी त्याच रस्त्यावर एका वळणात मुद्दाम, अगदी हळू वेगात, पाय काढून पाहिला. नाक थोडं आत आलं. बाकी काहीच झालं नाही.

पण माझा दुसरा अनुभवही खरा आहे. त्या रस्त्यावर जास्तीत जास्त शंभरची परवानगी आहे, ती जीटी३ दुसऱ्या गिअरमध्येच ओलांडते. सबंध दिवसात मला तिसऱ्या गिअरला न्याय देता आला नाही. आजोबा मात्र त्याच मर्यादेत राहून दुसरा, तिसरा, चौथा, परत तिसरा असे सतत कामात होते. आणि रुंदी! आरएस १६५२ मिलिमीटर, जीटी३ १८५२. वीस सेंटिमीटरचा फरक. समोरून बस आली की आजोबांना आपल्या पट्ट्यात जागा उरत होती, मी श्वास रोखून कडेला घेत होतो.

---

तेलकट_हात

मी सांगलीकडचा डिझेल पंप-नोझलवाला. ट्रक-ट्रॅक्टरचे पंप कॅलिब्रेट करणं हा आमचा दोन पिढ्यांचा धंदा. पोर्शेला कधी हात लावायचा योग आला नाही, पण या आरएसच्या पंपाची चित्रं आणि माहिती मी बारकाईने अभ्यासली आहे. कारण तो पंप बघून आपल्याच नात्यातला माणूस परदेशात भेटल्यासारखं वाटतं.

आरएसमध्ये कार्ब्युरेटर नाही. बॉशचा यांत्रिक इंजेक्शन पंप आहे. सहा सिलिंडरला सहा प्लंजर, ट्रकच्या इनलाइन पंपात असतात तसेच. डावीकडच्या कॅमशाफ्टवरून दातेरी पट्ट्याने तो फिरतो. आत एक शंकूसारखी पण वेडीवाकडी घडवलेली कॅम आहे. आरपीएम वाढले की वजनं फेकली जाऊन ती कॅम लांबीच्या दिशेने सरकते, पाय दाबला की ती गोल फिरते. तिच्या पृष्ठभागाचा जो बिंदू टेकेल त्याप्रमाणे रॅक हलतो आणि पेट्रोलचं माप ठरतं. म्हणजे आज ज्याला 'मॅप' म्हणतात, संगणकातला तक्ता, तो इथे पोलादात तासलेला आहे. हाताने चाचपता येईल असा मॅप.

आमच्याकडे डिझेल पंपाला आपण एकाच अक्षात मोजतो, आरपीएमप्रमाणे डिलिव्हरी. इथे दोन अक्ष. तो पृष्ठभाग ज्या माणसाने कागदावर काढला आणि ज्याने घासून आणला, त्या दोघांनाही माझा नमस्कार.

तोटेही आहेत. ही कॅम एका ठरलेल्या इंजिनासाठी घडवलेली. इंजिन झिजलं, व्हॉल्व्ह बदलले, पेट्रोल बदललं, तरी पोलाद बदलत नाही. थंडी आणि उंची यांच्यासाठी वेगळी भरपाईची यंत्रणा आहे, पण आजच्या सेन्सरसारखी ती क्षणाक्षणाला जुळवून घेत नाही. म्हणून जुन्या गाडीचा पाय सोडला की पेट्रोलचा वास येतो. घाटरस्ता, तुम्हाला आला का?

---

घाटरस्ता

आला! उतारावर प्रत्येक वळणाआधी. मला वाटलं होतं कुठे गळती आहे. तुमचा प्रतिसाद मी आजोबांना जर्मनमध्ये वाचून दाखवणार आहे.

तुमच्या क्षेत्राला जवळची अजून एक गोष्ट. इंजिन २.४ वरून २.७ लिटरचं करताना सिलिंडर ८४ वरून ९० मिलिमीटर करायचा होता. जुन्या पद्धतीच्या सिलिंडरच्या भिंतीत तेवढी जागा नव्हती. तेव्हा ९१७ या शर्यतीच्या गाडीत वापरलेला निकासिलचा लेप, म्हणजे ॲल्युमिनियमवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा पातळ थर, रस्त्यावरच्या गाडीत आणला. शर्यतीतून रस्त्यावर काय येतं असं कुणी विचारलं तर मी हे उदाहरण देतो.

---

निशिगंध

डेट्रॉइटहून हजेरी. इथे राहून फोर्डबद्दल लिहिलं नाही तर बरं दिसणार नाही.

जीटी४० ही शर्यतीसाठीच जन्मलेली गाडी. नावातले ४० म्हणजे उंची, ४० इंच, आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्यापेक्षा थोडीशीच जास्त. १९६६ला फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत पहिला, दुसरा, तिसरा असे तिन्ही नंबर फोर्डचे. १९६९ पर्यंत सलग चार वर्षं विजय, आणि त्यातले शेवटचे दोन एकाच गाडीने, १०७५ क्रमांकाच्या चासीने मिळवले. १९६९ला चोवीस तास पळून जॅकी इक्स आणि जॅकी ऑलिव्हर यांची ती गाडी दुसऱ्या नंबरच्या पोर्शेच्या जेमतेम सव्वाशे मीटर पुढे होती.

हिचे आधुनिक अवतार दोन, आणि दोघींचा स्वभाव अगदी वेगळा. २००५ची फोर्ड जीटी दिसायला हुबेहूब जुनी, पण ती आठवणींतून बनवलेली. सुपरचार्जर लावलेलं ५.४ लिटरचं व्ही८, ५५० हॉर्सपॉवर, मॅन्युअल गिअर. मला ती फार आवडते. शर्यतीची गरज म्हणून मात्र ती बनली नव्हती.

२०१७ची जीटी जुन्या आरएसच्या नात्यातली आहे. ती ल मान्ससाठीच आखली गेली. २०१६ च्या जूनमध्ये, त्या विजयाला बरोबर पन्नास वर्षं होत असताना, तिने आपला वर्ग जिंकला. रस्त्यावरची पहिली गाडी कारखान्यातून बाहेर पडली ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात. म्हणजे आधी शर्यत, मग रस्ता.

आता घाटरस्ता यांच्या मुद्द्याला जोडून. आजच्या शर्यतींत सगळ्या गाड्या बरोबरीत राहाव्यात म्हणून आयोजक त्यांची ताकद बांधून घालतात. त्यामुळे या जीटीची रस्त्यावरची गाडी, ६४७ हॉर्सपॉवरची, शर्यतीच्या गाडीपेक्षा जास्त ताकदीची होती! १९७३ला असं कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं. तेव्हा रस्त्यावरची गाडी म्हणजे शर्यतीच्या गाडीला लगाम घातलेलं रूप. आता लगाम शर्यतीत आहे.

---

घाटरस्ता

निशिगंधताई, हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. आणि तो पोर्शेलाही लागू आहे. जीटी३ आरएसच्या मागच्या पंखाची फळी सरळ रस्त्यावर आडवी होते, फॉर्म्युला वनसारखी. जीटी३ याच नावाचा शर्यतींचा जो वर्ग आहे त्यात अशा हलत्या पंखाला परवानगी नाही. रस्त्यावरची गाडी नियमांच्या पलीकडे गेलीये.

---

चौकोनी_दिवे

बीएमडब्ल्यू एम३चं नाव कसं नाही आलं अजून? पहिली एम३, ई३० पिढीची, ग्रुप ए या शर्यतीच्या वर्गासाठी बारा महिन्यांत ५००० बनवायच्या अटीतून जन्मली. साध्या गाडीशी जुळणारा बाहेरचा मोठा भाग म्हणजे जवळजवळ बॉनेटच. मागची काच जास्त तिरकी केली, डिकी उंच केली, कारण पंखाकडे हवा नीट जायला हवी होती. पहिला गिअर डावीकडे खाली, म्हणजे शर्यतीत सारखे लागणारे दुसरा-तिसरा एका सरळ रेषेत.

तेव्हा २०० पीएस आणि १२०० किलो. आजची एम३ कॉम्पिटिशन ५१० पीएस आणि १७३० किलो. आजची चार दारांची, एसीत बसून कुटुंबाला घेऊन मुंबई-गोवा करता येईल अशी गाडी आहे, आणि तरी वजन सोडलं तर पहिलीला प्रत्येक आकड्यात हरवते. मी या प्रगतीला सलाम करतो. माझी पसंती मात्र तरीही पहिलीच, कारण चार सिलिंडरच्या छोट्या इंजिनाला पिळून काढायला जे कष्ट घ्यावे लागतात त्यातच माझा आनंद आहे.

अवांतर: रस्त्यावरच्या गाडीत यांत्रिक इंजेक्शन म्हटलं की १९५४ची मर्सिडीज ३०० एसएल आठवते. तिच्यात तर थेट सिलिंडरमध्येच पेट्रोल जायचं. चावी बंद केली तरी इंजिन पूर्ण थांबेपर्यंत पंप पेट्रोल सोडत राहायचा आणि ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढायचं. पंखांसारखी वर उघडणारी दारंही शोभेची नव्हती. नळ्यांचा सांगाडा कडेला इतका उंच होता की साधं दार बसवायला जागाच उरली नव्हती.

---

पाचवा_गिअर

मला एक वेगळंच जाणवतं. २०१३ला आलेली जीटी३ फक्त पीडीके, म्हणजे दोन क्लचच्या आपोआप गिअरवर मिळत होती. चाहत्यांनी इतका आग्रह धरला की २०१७ला मॅन्युअल परत आली. आजच्या जीटी३त पीडीकेला शून्य ते शंभर ३.४ सेकंद लागतात आणि मॅन्युअलला ३.९. अर्धा सेकंद हळू गाडी लोक मागून घेतात! आणि २०२३च्या ९११ एस/टीमध्ये कंपनीनेच फक्त मॅन्युअल दिलं आणि वजन १३८० किलोवर आणलं, त्या पिढीतली सगळ्यांत हलकी ९११. म्हणजे बनवणारेही आरएसकडे वळून बघतायत.

प्रश्न रबरमाणूस यांना. जुन्या आरएसला आजचे ट्रॅकचे चिकट टायर लावले तर?

---

रबरमाणूस

वेळ कमी होईल आणि गाडी बिघडेल. टायरने जास्त धरलं की तो जोर कुठेतरी जाणारच. आधी बॉडी जास्त कलते, मग बेअरिंग, सस्पेन्शनचे सांधे आणि शेवटी तो पातळ पत्रा ज्या बिंदूंवर हे सगळं पेलतो तिथे ताण येतो. त्या गाडीचा प्रत्येक भाग त्या काळच्या टायरची पकड गृहीत धरून मापला आहे.

चांगली बातमी अशी की पिरेलीने त्या काळचा सीएन३६ टायर त्याच मापात पुन्हा बनवायला घेतला आहे. नक्षी आणि चण जुनी, रबर आजचं. मी तोच सुचवेन.

आणि घाटरस्ता, एक विनंती. त्या आजोबांच्या टायरच्या भिंतीवर शेवटी चार आकडी कोड असेल. पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन साल. बघून सांगाल? या गाड्या वर्षाला थोड्याच धावतात. नक्षी शाबूत राहते आणि आत रबर कडक होऊन जातं. वरून बघून काहीही कळत नाही.

---

घाटरस्ता

आत्ताच बघून आलो. आजोबांनी गॅरेजचा दिवा लावला, मी मोबाईलचा टॉर्च धरून मागच्या चाकाशी गुडघ्यावर बसलो. कोड २३०९. म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. चारही चाकांवर तोच. नक्षी जवळजवळ नवी. अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं, रुतलं नाही.

म्हणजे वर ज्या गाडीशी मी जीटी३ची तुलना केली ती १९७३ची आरएस होती, पण जुनाट कडक रबरावर उभी असलेली. ब्रेकबद्दल आणि वळणांतल्या पकडीबद्दल मी जे लिहिलंय त्यातला किती भाग गाडीचा आणि किती त्या रबराचा, ते मला आज सांगता येत नाही. तेवढा भाग सगळ्यांनी तात्पुरता बाजूला ठेवावा ही विनंती.

आजोबा काही वेळ त्या चार आकड्यांकडे बघत होते. मग म्हणाले, गेल्या वर्षी मी याच टायरवर नातवाला घेऊन गेलो होतो. सावकाशदादा, तुमचा प्रतिसाद मी त्यांना तिथेच उभ्या उभ्या सांगितला. उद्या ते फोन करून नवे टायर मागवतायत, तेच, जुन्या नक्षीचे. ते येईपर्यंत गाडी गॅरेजमध्येच राहील.

बसवले की त्याच रस्त्यावर, त्याच वळणांना परत जाऊ. तेलकट_हात, पेट्रोलच्या वासाकडेही लक्ष ठेवतो. आल्यावर इथेच लिहीन.